तेरच्या पांढरीतून: लामतुरे संग्रहालयातील वस्तूंच्या कथा

मित्रहो,

मराठवाड्यातल्या जुन्या गावांत ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे दोन शब्द जोडीने वापरले जातात. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. माणसे एकाच जागी पिढ्यानुपिढ्या राहिली, की जुन्या भिंती कोसळतात, त्यांवर नव्या उभ्या राहतात, चुलीची राख, शेण, हाडे, खापरे मातीत मिसळत जातात, आणि ती जागा हळूहळू राखट पांढऱ्या रंगाच्या टेकाडासारखी वर येते. माळवदाच्या घरांवर घालायला हीच माती चांगली, कारण ती पावसाचे पाणी सहजासहजी आत झिरपू देत नाही. शेतात खत म्हणूनही ती टाकली जाते. त्यामुळे गावाबाहेरच्या ओसाड पांढरीच्या कडा गावकरी शतकानुशतके उकरत आले आहेत. दरवर्षी उन्हाळ्यात माती उकरायची, मृगाचा पाऊस त्या कडेवर पडायचा, आणि पाऊस ओसरला की धुऊन निघालेल्या मातीत मणी, खापरे, नाणी आणि मातीच्या बाहुल्यांचे तुकडे वर दिसू लागायचे. ज्या संग्रहालयाविषयी मी आज बोलणार आहे, ते अशा पांढरीतून जन्माला आले आहे.

हे संग्रहालय तेर या गावी आहे. तेर हे धाराशिव जिल्ह्यातले, तेरणा नदीच्या काठी वसलेले गाव. तेरणा मांजऱ्याला मिळते आणि मांजरा गोदावरीला. वारकऱ्यांना हे गाव संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून ठाऊक आहे आणि तेथे बहुतेक यात्रेकरू गोरोबाकाकांच्या समाधीच्या दर्शनासाठीच येतात. समाधीपासून फार दूर नसलेल्या संग्रहालयाच्या इमारतीत मात्र त्यांतले थोडेच जण डोकावतात. मला याची खंत वाटते, कारण या दोन ठिकाणांचा परस्परांशी अगदी जवळचा संबंध आहे. तो कसा, हे सांगणे हाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

संग्रहालयाला कै. रामलिंगप्पा लामतुरे यांचे नाव आहे. ते तेरचेच रहिवासी. पुरातत्त्वाचे कोणतेही शिक्षण नसताना, शासनाचे किंवा विद्यापीठाचे पाठबळ नसताना, आपल्या गावच्या पांढरीत जे सापडते ते मोलाचे आहे हे त्यांनी ओळखले आणि वर्षानुवर्षे त्या वस्तू जमवल्या. गोठ्यात, अंगणात, उकिरड्याच्या कडेला पोरांच्या हाती लागलेला मातीचा मुखवटा किंवा बांगडीचा तुकडा ही त्या काळी कोणाच्या खिजगणतीत नसलेली गोष्ट होती. लामतुरे यांनी ती जपून ठेवली. पुढे हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये विभागाकडे आला आणि त्याचे शासकीय संग्रहालय झाले. या घटनेत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की वस्तू गावातच राहिल्या. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संग्रहालयात त्यांना कदाचित अधिक प्रेक्षक मिळाले असते. पण ज्या मातीतून त्या निघाल्या, ती माती संग्रहालयाच्या दारातून बाहेर पडल्यावर पायांखाली लागते, हे भाग्य फार थोड्या संग्रहांच्या वाट्याला येते.

आता या गावाचे जुने नाव. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधून हिंदी महासागरात व्यापार करणाऱ्या एका ग्रीक भाषक माणसाने आपल्या उपयोगासाठी बंदरांची आणि बाजारपेठांची एक माहितीपुस्तिका लिहिली. ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते आणि तिच्या लेखकाचे नाव आपल्याला मिळत नाही. त्यात दख्खनच्या दोन मोठ्या बाजारपेठा सांगितल्या आहेत. भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेकडे आणखी दहा दिवसांच्या वाटेवर तगर, हे एक फार मोठे नगर. पैठणहून अकीकासारखे रंगीत खडे विपुल येतात आणि तगरहून पुष्कळसे साधे कापड, नाना तऱ्हेची मलमल आणि आणखी एका जातीचे वस्त्र येते. शिवाय समुद्रकिनाऱ्याच्या प्रदेशांतून तगरला पोहोचलेला मालही येतो. हा सगळा माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून भडोच बंदराला आणला जातो, असे तो लिहितो. टॉलेमीच्या भूगोलातही तगरचे नाव आहे.

हे तगर नेमके कोणते, याचा वाद एकोणिसाव्या शतकात बराच रंगला. कोणी देवगिरी म्हटले, कोणी जुन्नर म्हटले, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूरकडे बोट दाखवले, कोल्हापूरचेही नाव पुढे आले. अखेर १९०१ साली जे. एफ. फ्लीट या अभ्यासकाने तेर हेच तगर असे मांडले आणि ते मत पुढे सर्वमान्य झाले. त्यातला भाषेचा धागा मराठी माणसाला चटकन पटण्यासारखा आहे. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘ग’ गळून पडतो; नगराचे नयर होते, तसे तगराचे तयर झाले आणि तयरचे तेर. आपल्या भाषेने हजारो शब्द असेच झिजवून गुळगुळीत केले आहेत. इथे तिने एका नगराचे नाव झिजवले आणि त्या झिजलेल्या नावाखाली नगर स्वतःच दडून राहिले. फ्लीटच्या लेखानंतर लवकरच पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे हेन्री कझिन्स तेरला आले, त्यांनी तेथील देवळांची आणि टेकाडांची पाहणी करून ती छापली, आणि तेरकडे विद्वानांचे लक्ष गेले.

नाव झिजले तरी त्याचा मान मात्र राहिला होता. ठाण्याचे आणि कोल्हापूरचे शिलाहार हे मध्ययुगातले राजवंश आपल्या ताम्रपटांत स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवतात. म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. तेरवर त्यांचे राज्य नव्हते. तगरचे व्यापारी वैभव तोपर्यंत मावळून काही शतके लोटली होती. तरीही तगर हे आपले मूळ स्थान आहे असे सांगण्यात या राजांना भूषण वाटत होते. आज मुंबईत स्थायिक झालेला माणूस जसे मूळ गावचे नाव आडनावात वागवतो, तसेच हे झाले. अंबरनाथचे शिवमंदिर बांधणारे आणि पन्हाळ्यावर नांदणारे राजे तेरच्या नावाने ओळख सांगत होते, हे तेरच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत असायला हवे.

इतका वेळ मी कागदावरचे तगर सांगितले. संग्रहालयातले तगर मातीचे आहे.

तेरच्या संग्रहात एका विशिष्ट पांढऱ्या मातीच्या मूर्ती आहेत. अभ्यासक तिला केओलिन म्हणतात. आपण तिला चिनी मातीच्या जातीची पांढरी माती म्हणू. नेहमीच्या लाल मातीपेक्षा ती बारीक कणांची असते, तिच्यात नाक-डोळे, दागिने, केसांची वळणे फार स्वच्छ उठतात. सातवाहन काळात, म्हणजे ढोबळमानाने इसवी सनाच्या आगेमागेच्या दोन-दोन शतकांत, तेर, पैठण, नेवासे आणि पूर्वेकडे तेलंगणातील कोंडापूर येथे अशा मूर्ती मिळाल्या आहेत. बायकांचे गोल भरलेले चेहरे, मोठे डोळे, कानांत जाड कुंडले, डोक्यावर इतकी नाजूक आणि गुंतागुंतीची केशरचना, की ती घालायला दुसरे कोणीतरी लागलेच असणार. पुरुष आहेत, मुले आहेत, प्राणी आहेत.

या मूर्ती कशा घडवल्या हे पाहायचे असेल तर त्यांच्या चेहऱ्यांकडे न पाहता कडेकडे पाहावे. कानाच्या मागून खांद्याकडे जाणारी एक बारीक उभी रेघ दिसते. ती सांध्याची रेघ आहे. कारागिराने दोन साचे केले होते, एक पुढच्या बाजूचा आणि एक मागच्या. प्रत्येक साच्यात ओल्या मातीची पोळी अंगठ्याने दाबून बसवायची, दोन्ही अर्ध्या बाजू थोड्या सुकल्या की कडांना पातळ चिखल लावून एकमेकींना चिकटवायच्या, वर आलेला सांधा चाकूने खरवडून बोटाने पुसायचा, आणि मग भाजायचे. मूर्ती आतून पोकळ राहते, म्हणून वजनाला हलकी होते आणि भाजताना सहसा तडकत नाही. आतली हवा आणि वाफ बाहेर पडायला कोठेतरी भोक मात्र ठेवावे लागते, नाहीतर ती भट्टीत फुटते. दुहेरी साच्याची ही पद्धत रोमन जगात रूढ होती आणि पश्चिमेच्या व्यापाराबरोबर ती इकडे आली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. चेहरे, दागिने, वेण्या मात्र संपूर्णपणे इथल्या आहेत. परक्याकडून हत्यार घ्यावे आणि काम आपले करावे, अशी ही रीत तेरच्या कारागिराला चांगली साधली होती.

विद्यार्थी असताना मी अशी एक फुटकी मूर्ती जवळून पाहिली. मागची बाजू गेलेली होती, त्यामुळे आतला पोकळ भाग उघडा पडला होता. बाहेरून जो चेहरा इतका रेखीव होता, त्याच्या पाठीमागे ओबडधोबड खळगे होते; एका ओळीत चार-पाच, थोडे तिरपे, प्रत्येक खळगा एका अंगठ्याएवढा. उजेड बाजूने पडला तेव्हा एका खळग्यात अंगठ्याच्या रेषाही दिसल्या. तो अंगठा मोठा नव्हता. मला त्या क्षणी वाटले, की हा बाईचा किंवा वयात येणाऱ्या मुलाचा हात असेल, आणि कुंभाराच्या घरात माती मळणे, साच्यात भरणे ही कामे घरची सगळीच माणसे करतात हे मी माझ्या आजोळी लहानपणापासून पाहत आलो होतो, त्यामुळे ते मला खरेही वाटले. आज मी ते ठामपणे सांगणार नाही, कारण भाजताना माती आक्रसते आणि ठसा मूळ बोटाहून लहान होतो. पण त्या दिवसापासून मी संग्रहालयातल्या मूर्ती मागून पाहू लागलो.

याच मातीत आणखी एक छोटी वस्तू पाहण्यासारखी आहे. रोमन सम्राट टायबेरियस याच्या नाण्याची नक्कल करून भाजलेल्या मातीच्या चकत्या दख्खनमध्ये अनेक ठिकाणी मिळाल्या आहेत आणि तेरलाही मिळाल्या आहेत. एका बाजूला सम्राटाच्या मुखाचा ठसा आणि वर दोरा ओवायला कडी. म्हणजे हे पैसे नव्हते, ते गळ्यात घालायचे पदक होते. सोन्याचे रोमन नाणे गळ्यात घालण्याची ऐपत ज्याची नव्हती, त्याने मातीचे घातले. कदाचित वर सोन्याचा मुलामाही दिला असेल. आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. आपल्या आज्या पुतळ्यांची माळ घालत होत्या. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचे सोन्याचे नाणे. त्यावर उभी माणसे कोरलेली असत म्हणून आपण तिला पुतळी म्हटले. परदेशी नाण्यावर कोण राजा आहे आणि काय मजकूर आहे याच्याशी आपल्या बायकांना काही देणेघेणे नव्हते. त्यांनी ते गाठवले, गळ्यात घातले आणि लेकीसुनांना दिले. तेरच्या मातीच्या पदकात मला त्या माळेची फार जुनी थोरली बहीण दिसते.

मण्यांच्या कपाटाशी लोक फार रेंगाळत नाहीत, कारण मणी लहान आणि पुष्कळ. अकीक, स्फटिक, काच, शंख, हाड, माती असे त्यांचे नाना प्रकार आहेत. अकीकाचा तांबडा रंग पुष्कळदा मुळातला नसतो. दगड संथ आचेवर तापवून तो आणलेला असतो. नंतर टवके काढून घडवायचे, घासायचे, दोन्ही टोकांकडून भोक पाडत मध्यावर आणून मिळवायचे. भोकाच्या मध्यावर किंचित पायरी लागते ती त्यामुळे. शंखाच्या बांगड्यांचे तुकडे पाहताना एवढे ध्यानात ठेवावे, की बांगडीचा मोठा शंख कच्छच्या किंवा तमिळ देशाच्या किनाऱ्यावरून आणावा लागे. पेरिप्लसकर्त्याने तगरला समुद्रकाठचा माल येतो असे जे एका वाक्यात लिहिले आहे, त्याचा पुरावा म्हणून या बांगड्या कपाटात पडून आहेत.

आता हस्तिदंताच्या मूर्तीकडे वळतो. या संग्रहालयाचे नाव बाहेरच्या जगात पोहोचले ते तिच्यामुळे. वीतभराहूनही लहान अशी ही स्त्रीमूर्ती. कमरेला जड मेखला, हातांत बांगड्या, पायांत तोडे, आणि अंगावर दागिन्यांखेरीज फारसे काही नाही. १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे, इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या एका घरात, अशीच भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्री सापडली होती; ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. प्रारंभी तिला लक्ष्मी म्हटले गेले, आता यक्षी म्हणतात. तिच्या डोक्यात वरून भोक आहे, त्यावरून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या छोट्या आसनाचा पाया असावी असे मानले जाते. तेरची मूर्ती प्रसिद्ध झाली तेव्हा अभ्यासकांना पाँपेईच्या स्त्रीची आठवण झाली. मग १९७३ साली जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला झालेल्या उत्खननात त्याच घराण्यात शोभणारी तिसरी मूर्ती मिळाली. भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. तेथील माणसांनी दिलेल्या दानांची नोंद भारहुत आणि सांचीच्या स्तूपांवर कोरलेली आहे.

पाँपेईची मूर्ती नेमकी कोठे कोरली गेली, यावर विद्वानांत दोन मते आहेत. तिच्या पायथ्याशी वायव्य भारतात चालणाऱ्या खरोष्ठी लिपीतले अक्षर आहे म्हणून काहीजण वायव्येकडे बोट दाखवतात. घडण आणि दागिने पाहून काहीजण भोकरदनचे नाव घेतात. सांचीच्या दक्षिण तोरणावर ‘वेदिसकेहि दंतकारेहि रूपकंमं कतं’ असा लेख आहे, म्हणजे विदिशेच्या हस्तिदंतकारांनी हे कोरीव काम केले. हस्तिदंत कोरणारे कारागीर दगडही कोरत होते, त्यांचे संघ होते, आणि ते आपल्या नावाने दान देत होते, हे त्यावरून स्पष्ट होते. अशा कारागिरांच्या वाटा तेर, भोकरदन, विदिशा यांना जोडत होत्या, एवढे तर नक्की. मी स्वतः दख्खनच्या बाजूने झुकतो. पण पाँपेईच्या मूर्तीचा मान तेरच्या मूर्तीला उसना आणण्याची गरज मला वाटत नाही. वर्तमानपत्रांत तेरचा उल्लेख आला की ‘पाँपेईशी नाते सांगणारे गाव’ असे लिहिले जाते आणि लेख तेथेच थांबतो. ज्या गावाने या देशाच्या आत कोंडापूरपासून भडोचपर्यंत गाड्या चालवल्या, त्याची ओळख इटलीतल्या एका घरावरून करून देणे मला अपुरे वाटते.

संग्रहालयात एक मोठी वस्तू आहे, ती उत्तरेश्वराच्या देवळाची लाकडी चौकट. तेरला दोन प्राचीन विटांची देवळे आहेत, त्रिविक्रम आणि उत्तरेश्वर. उत्तरेश्वराच्या दारावरची कोरीव लाकडी चौकट संरक्षणासाठी संग्रहालयात आणली आहे. दगडी देवळांच्या द्वारशाखा आपण महाराष्ट्रभर पाहतो. त्यांचे मूळ लाकडात होते असे वाचतो. पण उष्ण हवेत, वाळवीच्या प्रदेशात, पाऊस झेलत इतकी जुनी लाकडी द्वारशाखा टिकून राहावी हे दुर्मिळ आहे. तिच्यासमोर उभे राहिले की दगडी द्वारशाखांवरच्या वेलपट्ट्या इतक्या उथळ आणि सलग का असतात हे कळते. तो छिन्नीचा स्वभाव लाकडात तयार झालेला आहे.

त्रिविक्रमाचे देऊळ संग्रहालयाबाहेर आहे, पण त्यावाचून संग्रहाचे दर्शन अपुरे राहील. त्याची मागची बाजू चौकोनी नाही, ती अर्धगोल आहे, आणि छप्पर पेटीसारखे लांबट गोलाकार. हत्तीच्या पाठीसारखे म्हणून शास्त्रात अशा इमारतीला गजपृष्ठ म्हणतात. कार्ले-भाजे येथे डोंगरात खोदलेली चैत्यगृहे आतून जशी दिसतात, तशी ही विटांची इमारत बाहेरून दिसते. कझिन्स यांनी ती मुळात बौद्ध चैत्य असावी असे म्हटले. काहींना ते मान्य नाही. आज आत विष्णूची त्रिविक्रम मूर्ती आहे, पुढे मंडप आहे, आणि रोज पूजा होते. महाराष्ट्रात जमिनीवर बांधलेल्या आणि अजून उभ्या असलेल्या अतिप्राचीन इमारतींत तिची गणना होते. त्या काळच्या मोठ्या विटा हाताळल्या तर मातीत भाताचा तूस मिसळलेला पुष्कळदा दिसतो. भाजताना तूस जळतो, बारीक पोकळ्या राहतात, वीट आतपर्यंत सारखी भाजते आणि हलकी होते. पांढऱ्या मातीची पोकळ मूर्ती आणि तुसाची हलकी वीट यांच्या मागे भट्टीचे एकच ज्ञान आहे.

आणि म्हणून मी गोरोबाकाकांकडे येतो. तेराव्या-चौदाव्या शतकाच्या संधीवर याच गावात चाक फिरवणारा हा संत. त्यांच्या घरी संतमेळा जमला होता, तेव्हा मुक्ताबाईंनी कोपऱ्यातले थापटणे पाहून हे कशासाठी असे विचारले. मडके कच्चे की पक्के हे याने कळते, असे गोरोबा म्हणाले, आणि मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी प्रत्येक संताच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. सगळे शांत राहिले. नामदेव मात्र रागावले, आणि हे मडके अजून कच्चे आहे असा निवाडा झाला. ही कथा आपण कीर्तनात ऐकतो तेव्हा तिचा अर्थ गुरुकृपेकडे नेतो, आणि ते योग्यच आहे, कारण नामदेव पुढे विसोबा खेचरांना शरण गेले. पण कथेचा पाया कुंभाराच्या खऱ्या कामात आहे. थापटण्याने ओल्या मडक्याची भिंत ठोकून पातळ आणि घट्ट करतात; भाजलेले मडके बोटाच्या टिचकीने खणखणते आणि कच्चे किंवा तडकलेले बद्द वाजते. आवाजावरून आत काय आहे हे ओळखणारा कान गोरोबांना परंपरेने मिळाला होता. ती परंपरा तेरमध्ये त्यांच्या आधी किमान हजार-बाराशे वर्षे चालत आली होती, आणि तिचा दस्तऐवज लामतुरे संग्रहात मांडलेला आहे. घराण्याची साखळी सलग होती असे मी म्हणत नाही. पण नदी तीच, तिचा गाळ तोच, आणि माती मळून, थापटून, आव्यात भाजून पोट भरणे हे कामही तेच.

आता एका उणिवेविषयी बोलणे भाग आहे. लामतुरे यांनी जमवलेल्या बहुतेक वस्तू पृष्ठभागावरून मिळाल्या. उत्खननात वस्तू कोणत्या थरात, कशाच्या शेजारी, किती खोलीवर सापडली हे नोंदवतात आणि त्यावरून तिचा काळ ठरतो. उचलून आणलेल्या वस्तूला हा थर नसतो. तिचा काळ इतर ठिकाणच्या तशाच वस्तूंशी तुलना करून ठरवावा लागतो. १९५८ साली चापेकर यांनी तेरला शास्त्रशुद्ध उत्खनन केले, पुढेही अनेकदा झाले, विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले, सातवाहनांची नाणी, भूमध्य समुद्राकडून दारू आणि तेल आणणाऱ्या उंच कुंभांची खापरे मिळाली, आणि त्यांमुळे संग्रहातल्या वस्तूंना आपापला काळ देता येऊ लागला. काही पंडित अशा खासगी संग्रहांकडे नाक मुरडून पाहतात. त्यांना मी एवढेच विचारीन, की ज्या काळात पांढरी गाडी गाडी भरून शेतात टाकली जात होती, त्या काळात उत्खननाची वाट पाहत बसले असते तर आज कपाटात काय उरले असते? लामतुरे यांच्या वेळी तेच करणे शक्य होते आणि त्यांनी ते केले.

आज मात्र परिस्थिती वेगळी आहे आणि त्यामुळे आपले कर्तव्यही वेगळे आहे. तेरलाच नव्हे, तर तुमच्या गावच्या पांढरीवरही पहिल्या पावसानंतर काही दिसले, तर ते उचलून घरी नेऊ नका. ते जेथे आहे तेथेच, शेजारी एखादी पट्टी किंवा काडेपेटी ठेवून, त्याचे छायाचित्र घ्या. शेताचा गट क्रमांक आणि जवळची खूण वहीत लिहा. आणि पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयाला किंवा तहसीलदारांना कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. खापरांचे मोल रुपयांत होत नाही म्हणून ती फेकूनही देऊ नका. काळ ठरवण्याच्या कामी नाण्याखालोखाल तीच उपयोगी पडतात.

तेरला जाणाऱ्यांसाठी एक सुचवून थांबतो. चैत्र वद्य त्रयोदशीला गोरोबाकाकांच्या समाधीच्या सोहळ्याला तुम्ही गेलात, तर त्या दिवशी गर्दीमुळे संग्रहालय नीट पाहणे जमणार नाही. दुसऱ्या एखाद्या दिवशी सकाळी जा. आधी समाधीचे दर्शन घ्या, मग त्रिविक्रमाच्या देवळाला मागच्या बाजूने प्रदक्षिणा घाला, म्हणजे तो अर्धगोल नजरेत बसेल, आणि मग संग्रहालयात या. हस्तिदंताची मूर्ती पाहाल तशाच शेजारच्या कपाटांतल्या पांढऱ्या मातीच्या मूर्तीही पाहा. काचेला थोडे वाकून, कानामागची ती सांध्याची रेघ शोधा. काही मूर्तींवर ती कारागिराने इतकी सफाईने पुसली आहे, की ती सापडायला वेळ लागतो. काहींवर घाईत तशीच राहून गेली आहे.